थांबायचं तर तारीख सांगा: नवा लॅपटॉप आत्ता घ्यावा का, हे ठरवण्याच्या पायऱ्या

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात पडले की कोल्हापुरात घरोघरी दोन चर्चा सुरू होतात. एक, कॉलेज कुठलं मिळणार. दुसरी, लॅपटॉप कुठला घ्यायचा. पहिलीत मला कुणी विचारत नाही. दुसरीसाठी मात्र पै-पाहुण्यांपासून गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळे माझ्या दुकानात येऊन बसतात. लक्ष्मीपुरीत डीटीपीचं काम करता करता वीस वर्षांत मी बरेच कॉम्प्युटर घेतले, काही बिघडवले आणि थोडे दुरुस्तही केले, एवढीच माझी पात्रता.

यंदा भाच्याची पाळी होती. “मामा, नवीन मॉडेल आलंय बघ. हे घेऊ, का पुढचं येईपर्यंत थांबू?”

“थांब की. पण कधीपर्यंत?”

“कधीपर्यंत म्हणजे? अजून भारी येईलच की काहीतरी.”

येईलच. दर वर्षी येतं. म्हणून मी एकच नियम धरलाय: थांबायची तारीख आणि थांबायचं कारण, दोन्ही सांगता येत असेल तरच थांबायचं. खालच्या पायऱ्या ही तारीख आणि हे कारण शोधण्यासाठी आहेत. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यामुळे जाणकारांनी काही ठिकाणी पुढे सरकावं.

पायरी १: काम कधी सुरू होणार ते कागदावर लिहा

भाच्याला मेकॅनिकलला जायचंय, गोकुळ शिरगावचं कॉलेज मिळालं तर उत्तमच. कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, संपून वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. पहिल्या वर्षाला थोडं प्रोग्रॅमिंग, थोडं ड्रॉइंग, बाकी पीडीएफ आणि असाइनमेंट. सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस असल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जड कामं नंतर येतात. म्हणजे जूनमध्ये त्याच्याकडे दोन-अडीच महिने फुकट होते. थांबल्याने त्याचं काहीच अडत नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारची मुलगी आली. सोमवारपासून सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगितलेला. तिला मी पुढच्या पायऱ्या वाचायलाही लावल्या नाहीत. चालू बाजारात मिळणारा, १६ जीबी रॅमचा, टॅली आणि एक्सेल बिनबोभाट चालवणारा विंडोज लॅपटॉप शनिवारी घेऊन टाकला. काम दारात उभं असताना पुढच्या चिपची चर्चा करत बसू नये.

पायरी २: घरात जो आहे तो खरंच मेलाय का?

‘स्लो झालाय’ म्हणून आणलेल्या लॅपटॉपांपैकी बऱ्याचशांत जुनी फिरती हार्डडिस्क निघते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की मशीन पुन्हा कामाला लागतं. बॅटरी गेली असेल तर बॅटरी बदलता येते. यात सहा महिने, वर्ष निघत असेल तर तेवढं थांबणं परवडतं.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्याहून जुनं मशीन बँकेच्या कामाला वापरत असाल तर तुमच्या थांबण्याची तारीख दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेली आहे.

पायरी ३: ‘नवीन’ म्हणजे नेमकं काय नवीन?

इथे जरा वेळ काढा, कारण पैसे इथेच जातात.

लॅपटॉपवर २०२५-२६ चं लेबल असलं म्हणजे आतली चिप तेव्हाची असते असं नाही. इंटेलने जानेवारी २०२४ मध्ये ‘कोअर ५ १२०यू’ आणला. नाव नवीन, ‘आय५’ मधला ‘आय’ गेला, पण आतली बनावट तेराव्या पिढीच्याच घराण्यातली. २०२५ चा ‘कोअर ५ २१०एच’ त्याच घरचा. खरी वेगळी बनावट ‘कोअर अल्ट्रा’ नावाखाली डिसेंबर २०२३ पासून यायला लागली. आता १२०यू वाईट आहे का? अजिबात नाही. ऑफिसकामाला उत्तम चालतो. फक्त ‘आत्ताच लाँच झालाय’ म्हणून त्याला जादा पैसे मोजू नका. तसाच चालणारा तेराव्या पिढीचा १३३५यू गेल्या वर्षीच्या भावात पडलेला असतो.

एएमडीने तर २०२३ च्या ७००० मालिकेत कोडंच घातलं होतं. त्यातला तिसरा आकडा बघायचा. रायझेन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २, एएमडीची २०१९ ची बनावट. ७५३०यू मध्ये झेन ३. ७५४०यू मध्ये झेन ४. तिन्हींवर ‘रायझेन ५’ आणि ‘७०००’ लिहिलेलं, आणि दुकानातला पोरगा तिन्ही एकाच दमात ‘लेटेस्ट’ म्हणून सांगतो. त्याचाही दोष नाही, त्याला जे सांगितलं तेच तो सांगतो. पुढे २०२४ मध्ये ‘रायझेन एआय ३००’ आल्यावर नावं पुन्हा बदलली.

ग्राफिक्स कार्डाची तऱ्हा निराळी. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशावरही चालवलेलं असू शकतं. बारीक लॅपटॉपमधलं आणि जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधलं कार्ड नावाने सख्खे भाऊ, ताकदीने नाहीत. आरटीएक्स ५०६० आलं म्हणून ४०६० एका रात्रीत टाकाऊ झालं नाही. दोन्हींत ग्राफिक्स मेमरी ८ जीबीच आहे. वॉट विचारा. दुकानात सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर बघा.

मग ‘एआय पीसी’. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ नावाचा शिक्का आणला. तो लावायचा तर एनपीयू (एआयची कामं करणारा चिपमधला भाग) ४० टॉप्सच्या (त्याचा वेग मोजायचं माप) वर हवा, रॅम किमान १६ जीबी आणि स्टोरेज किमान २५६ जीबी. माझ्यापुरतं सांगतो: त्या एनपीयूवाचून माझ्या रोजच्या कामात अजून काही अडलेलं नाही. पण त्या शिक्क्यामुळे कंपन्यांना १६ जीबी रॅम द्यावी लागली, हे मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटलं.

आणखी एक. ‘स्नॅपड्रॅगन’ लिहिलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीला जबरदस्त असतात, पण आतली बनावट इंटेल-एएमडीहून वेगळी, आर्म जातीची. साधी कामं होतात. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (ज्याच्याशिवाय ते उघडत नाही ती किल्ली) यांना मात्र आर्मसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि जुन्या वस्तूंना तो मिळेलच असं नाही. माझ्या दुकानात मराठी टायपिंगचा एक जुना डोंगल आहे, त्याच्यापायी मी असलं मशीन घेत नाही. मॅकचंही तसंच: सॉलिडवर्क्स, कॅटिया, टॅलीप्राइम यांची मॅकसाठी आवृत्तीच नाही. उद्यमनगर, शिरोलीच्या कारखान्यांत नोकरी करायची स्वप्नं असतील तर पोरांनी हे आधी बघावं आणि सफरचंदाचं मग.

पायरी ४: नव्यापेक्षा त्याच्या थोरल्या भावाकडे बघा

नवीन मॉडेल आल्याचा खरा फायदा आदल्या मॉडेलच्या गिऱ्हाइकाला होतो. अ‍ॅपलचं उदाहरण सोपं आहे, कारण त्यांचे भाव उघड असतात. एम२ चिपचा मॅकबुक एअर २०२२ मध्ये भारतात १,१९,९०० रुपयांना आला, रॅम ८ जीबी. मार्च २०२४ मध्ये एम३ आला आणि एम२ ९९,९०० वर उतरला. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच ९९,९०० मध्ये अ‍ॅपलने ८ ऐवजी १६ जीबी द्यायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये एम४ एअर आला, तोही १६ जीबीसह ९९,९०० लाच.

म्हणजे २०२४ च्या दसऱ्याला ८ जीबीचा एअर घेऊन ज्यांनी पेढे वाटले, त्यांना दिवाळीपर्यंत कळलं की त्याच पैशात दुप्पट रॅम मिळत होती. दसऱ्याला हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण एवढं करता येतं: ज्या मॉडेलवर तुमचं मन बसलंय ते येऊन किती महिने झाले ते बघा. वर्ष होत आलं असेल आणि तुमच्या कामाची तारीख लांब असेल, तर थांबण्याला कारण मिळालं. येऊन दोनच महिने झाले असतील तर पुढच्याची वाट बघण्यात वर्ष जाईल.

विंडोजवाल्यांचं पंचांग ढोबळमानाने असं. जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएसमध्ये घोषणा होतात, मे-जूनच्या सुमारास तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये आणखी. घोषणा झाली म्हणजे माल राजारामपुरीतल्या दुकानांत आला असं नाही. आपल्याकडे पोहोचायला आठवड्यांपासून काही महिने जातात, आणि पहिल्यांदा येतात ती महागडी मॉडेलं. पन्नास-साठ हजारांतलं सगळ्यात शेवटी. त्यामुळे जानेवारीत बातमी वाचून पाडव्याला तेच स्वस्तात मिळेल ही अपेक्षा धरू नये. पाडव्याला मिळतं ते आदल्या वर्षीचं, आणि ते बऱ्याचदा चांगलं मिळतं.

पायरी ५: ‘थांबलं की स्वस्त होतं’ हे दर वर्षी खरं नसतं

मी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलो, “८ जीबीवाला घे, रॅम नंतर वाढव, स्वस्त होतेय.” हा सल्ला आता मागे घेतो.

२०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव वर गेले. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते. ती बनवणारे मुख्य कारखानदार तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी जास्त पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. उसाला गुऱ्हाळापेक्षा कारखाना जास्त भाव देत असेल तर गुळाचं काय होतं, हे कोल्हापुरात वेगळं समजावून सांगायला नको.

त्यामुळे रॅम आत्ताच पुरेशी घ्या. साध्या वापराला १६ जीबी, कॅड किंवा व्हिडिओ एडिटिंगला जमलं तर ३२. शिवाय अनेक बारीक लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवायची सोयच नाही. ‘एलपीडीडीआर’ लिहिलेलं दिसलं की बहुतेक तोच प्रकार. एसएसडी मात्र बहुतेकांत बदलता येते, तेव्हा तंगी असेल तर तिथे हात आखडा. (५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते. ती चोरी नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे. हा फोन मला वर्षातून दहादा येतो.)

बातम्या ऐकून थांबणाऱ्यांचं आणि बातम्या ऐकून धावणाऱ्यांचं, दोघांचंही सारखंच होतं. इचलकरंजीचे आमचे एक पाहुणे, सुताचे व्यापारी, २०२५ च्या १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार म्हणून ऐकलं आणि लॅपटॉपची खरेदी रोखून बसले. २२ सप्टेंबरला नवे दर आले. एसी, मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ मध्ये होता, तो तिथेच राहिला. पाच आठवडे मुनीमजी वहीत लिहीत होते. उलट बाजूने, ३ ऑगस्ट २०२३ ला सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली, तेव्हा काहींनी घाबरून मिळेल ते उचललं. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलली गेली.

पाहुण्यांना मी नंतर सांगितलं ते इथेही सांगतो. जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्यासाठी लॅपटॉप घेत असाल तर दर कमी व्हायची वाटच बघायची गरज नाही. ७०,८०० च्या बिलात ६०,००० वस्तूचे आणि १०,८०० कराचे. बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह असेल, लॅपटॉप धंद्यासाठीच असेल, तर त्या १०,८०० चं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे ते तुमच्या भरायच्या जीएसटीतून वळते होतात. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर नाही. वर आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के दराने घसारा. ऑनलाइन घेताना जीएसटी क्रमांक ऑर्डर करतानाच टाका; नंतर बिल बदलून मिळेल या भरवशावर राहू नका.

पायरी ६: पहिल्या लॉटचा उत्साह

माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं अगदी नवं मॉडेल आल्या आल्या घेतलं. महिनाभरात कीबोर्डची दोन बटणं अडकायला लागली. वॉरंटी होती, माणूसही आला. पण मॉडेल नवं म्हणजे त्याचा सुटा भागही नवा. तो देशात कुठल्याच गोदामात नव्हता. सहा आठवडे बाहेरचा कीबोर्ड लावून लग्नपत्रिका जुळवल्या. त्याच दिवसांत आदल्या मॉडेलचा कीबोर्ड दुसऱ्या दिवशी मिळत होता.

पण पहिला लॉट नेहमी वाईट, असंही म्हणता येत नाही. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आणलेला फुलपाखरी कीबोर्ड इतका त्रासदायक ठरला की २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्याच कंपनीने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पहिला एम१ आणला आणि तो पहिल्या दिवसापासून चालला. ज्यांनी तेव्हा धाडस केलं त्यातल्या कित्येकांचे एम१ अजून रोज उघडतात.

मी आता मधला रस्ता धरतो. आतली चिप नवी पण बाहेरचा सांगाडा जुनाच असेल तर फारसा विचार करत नाही. सांगाडा, बिजागरी, कीबोर्ड सगळंच नवं असेल तर महिना-दीड महिना जाऊ देतो. तेवढ्यात घेतलेल्यांच्या तक्रारी बाहेर येतात आणि बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) पहिले अपडेटही येऊन जातात. आणि परीक्षणं बघताना भारतात विकलेल्या मॉडेलची बघा. अमेरिकेतल्या परीक्षणात ७० वॉट-अवरची बॅटरी आणि झकास स्क्रीन असते. त्याच नावाखाली आपल्याकडे कधी ५० ची बॅटरी आणि कमी उजेडाचा (२५० निट्स), कमी रंगांचा (४५ टक्के एनटीएससी) फिकट स्क्रीन येतो. फोटोचं, डिझाइनचं काम करणाऱ्याने असा स्क्रीन घेऊ नये. १०० टक्के एसआरजीबी लिहिलंय का ते बघावं.

कोल्हापूरकरांसाठी वेगळा प्रश्न: दुरुस्ती कुठे? घरी येऊन दुरुस्ती, म्हणजे ऑनसाइट वॉरंटी आहे का, आणि ती आपल्या ४१६ च्या पिनकोडला लागू आहे का, हे घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा. ‘सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे’ याचा अर्थ जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. नव्याकोऱ्या, फारसं नाव न ऐकलेल्या ब्रँडचा लॅपटॉप पाच हजारांनी स्वस्त दिसतो, त्यातले किती हजार हायवेवर जातील ते आधी मोजा.

पायरी ७: भाव आणि काउंटर

लाल रेघ मारलेली एमआरपी विसरा. मनात दोन-तीन मॉडेल पक्की झाली की दर आठवड्याला त्यांचा ऑनलाइन भाव आणि राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दोन दुकानांचा भाव वहीत टिपून ठेवा. महिनाभरात खरा भाव काय ते दिसतं. कॉलेज सुरू होण्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या ऑफर असतात, पुढे दसरा-दिवाळीचे ऑनलाइन सेल. बँकेची सूट स्वतःच्या कार्डावर मिळणार असेल तरच हिशेबात धरा. मित्राच्या कार्डावर घेतलं की बिल कुणाच्या नावावर, हप्ता कोण भरणार, सगळाच घोळ.

‘नो कॉस्ट ईएमआय’ पूर्ण फुकट नसतो. व्याजाएवढी सूट आधी देतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपणच भरतो. व्याज ३,००० धरलं तर ५४० रुपये, वर प्रोसेसिंग फी. फार नाही, पण माहीत असावं.

दुकानात सील समोर फोडायला सांगा. डबा, बिल आणि लॅपटॉपच्या पोटाखालचा सिरियल नंबर जुळतो का पाहा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दिसते ते तिथेच बघा. आदल्या वर्षीचं मॉडेल असेल तर माल गोदामात पडून असतो आणि वॉरंटी कधी आधीच सुरू झालेली दिसते. बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते, पण ते दुकानदाराकडूनच करून घ्या. पांढरा स्क्रीन लावून मेलेले ठिपके शोधा. सगळी बटणं दाबा. रॅम आणि प्रोसेसर सेटिंगमध्ये जाऊन स्वतः वाचा. ऑनलाइन मागवलं असेल तर डबा उघडतानाचा व्हिडिओ एका दमात काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून.

भाच्याचं ठरलंय. २० ऑगस्ट ही त्याची तारीख. कॅटलॉगमधल्या दोन मॉडेलांवर डोळा आहे, दोन्ही गेल्या वर्षीची, १६ जीबी, रिकामा रॅम स्लॉट असलेली. त्याआधी भाव उतरला तर तेव्हा, नाहीतर त्या दिवशी जो असेल त्याला. आईचा, म्हणजे माझ्या ताईचा आग्रह दसऱ्याचा होता. मी तिला खंडेनवमीला पूजेचा मान देऊन टाकलाय. फक्त एक अट घातली: हळद-कुंकू झाकणावर लाव, अक्षता कीबोर्डवर टाकू नकोस. दर वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात बटणांच्या फटीतले तांदूळ चिमट्याने काढायचं काम माझ्याकडे येतं, आणि त्याचे मी घरच्यांकडूनही पन्नास रुपये घेतो.